सुलाबाईची आगटी

सुलाबाई हसायला लागली की ओढ्यापलीकडची मेंढरं माना वर करून बघायची, असं मुरूमवाडीत म्हणत. म्हणत कसलं, खरंच बघायची. बाई अंगानं काडी, पण हसू असं की आत कुणीतरी ढोल बडवतंय. नवरा गेला तेव्हा ती रडलीही तशीच, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी. आणि पुढं दोन-तीन महिन्यांनी थोरल्या दिराच्या, दादासोच्या, नुकत्याच धुतलेल्या धोतरावर शेळी जाऊन ऐसपैस बसली तेव्हा हसलीही तशीच. लोकांना ते काही रुचलं नाही. विधवा बाईनं, त्यातून असल्या रोगाच्या बाईनं, हसावं म्हणजे काय! सुलाबाई म्हणायची, "रोग रगतात हाय, दातात न्हाई. दावीन की दात!"

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. मुरूमवाडी आटपाडीच्या अंगाला, माणदेशात. गावाच्या नावातच मुरूम, तेव्हा जमीन काय असेल ते तुम्हीच समजा. घरं बहुतेक धनगरांची. मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला जायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं, जमलं तर जोंधळा पेरायचा. सुलाबाईचा नवरा मल्हार मात्र मेंढरं सोडून कराडला ट्रकवर गेला. तिथून पार बंगळूरपर्यंत माल न्यायचा. येताना बायकोला बांगड्या आणायचा, आईला दात नाहीत म्हणून मऊ बुंदीचे लाडू आणायचा, आणि एकदा ते दुखणं घेऊन आला. त्याला मिरजेच्या दवाखान्यात नेलं, तिथं सुलाबाईचंही रक्त तपासलं, तिलाही तेच निघालं. मल्हार वर्षात गेला. मागं राहिली सुलाबाई आणि एड्स हा शब्द. तो वाडीत मोठ्यानं कुणी म्हणत नव्हतं, पण सुलाबाई समोरून आली की जो तो बाजूला सरकत होता.

लोक सरकले तर सरकले. सुलाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "सरका, सरका, राणीसाहेब निघाल्यात औंधाला!" आणि मोकळ्या वाटेनं झोकात जायची. दादासोनं घरातून काढून ओढ्याकाठी झोपडीत ठेवलं, तर म्हणाली, बरं झालं, हवा तरी लागेल. पण सासूचं मात्र तिला लागायचं. लय लागायचं.

सासू म्हणजे अंबूबाई. मेंढरांमागं दोघी मिळून पंधरा वर्षं चालल्या होत्या. उघड्या माळावर एका थाळीत जेवल्या होत्या. अंबूबाईचे दात लवकर गेले, तेव्हा सुलाबाई भाकरी कुस्करून दुधात भिजवून द्यायची आणि म्हातारी लेकरागत तोंड उघडून बसायची. तीच अंबूबाई आता जर्मनच्या टोपात दूध आणायची, बांधावर ठेवायची, लांब मागं जाऊन ओरडायची, "सुले, ठिवलंय गं!"

"आत्ती, टोप चावत न्हाई, तशी मी बी चावत न्हाई!" सुलाबाई झोपडीतून उत्तर द्यायची.

म्हातारी हसायची आणि तोंड फिरवून डोळे पुसत घरला जायची. माया आटलेली नव्हती. भीती बसली होती, आणि एकदा बसलेली भीती नुसतं सांगून उठत नाही.

आता ह्यात शेती कुठून आली ते सांगतो. मिरजेच्या त्या दवाखान्यात एक बाकडं होतं. त्यावर बसून बसून सुलाबाईला तीन सोबती मिळाले. एक सोपान, औंधकडचा, कराडला साखर कारखान्यात फिटर होता. जगात मोडलेलं असं काही नाही, फक्त नट ढिले झालेत, असं त्याचं ठाम मत. दुसरी आक्काताई, पाचगणीला स्ट्रॉबेरी तोडायला होती. तिच्या चटणीला धार होती आणि जिभेला त्याहून जास्त. तिसरा बिराप्पा, जतच्याही पुढचा, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेला मेंढका. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा आणि कुठंही गेला तरी काखेत ढोल. तिघांनाही घरच्यांनी गोठ्यात नाहीतर वळचणीला जागा दिली होती.

त्या वेळी ह्या रोगावर आपल्याकडं औषध असं काही मिळत नव्हतं. बाकड्यापाशी येऊन एक सिस्टर म्हणाल्या, "एकेकटं बसून झुराल. चौघं मिळून काहीतरी पिकवा, ताजं खा, एकमेकांना बघा. शिवल्यानं, हातचं खाल्ल्यानं हा रोग होत नाही. हे मी तुम्हाला सांगितलं, आता तुम्ही लोकांना सांगा."

"आमची पट्टी हाय की ओढ्याकाठी!" सुलाबाई फटकन बोलून बसली. पट्टी तिची नव्हतीच. ती काळवट जमिनीची पट्टी होती अंबूबाईच्या नावावर आणि कसत होता दादासो. पण तोंडातून बाण सुटला तो सुटला.

दादासो काही दुष्ट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि भित्रा माणूस कायदा फार बोलतो. झोपडीसमोर तीन पाहुणे बोचकी घेऊन उभे बघून त्यानं ओढ्याच्या वाडीकडच्या काठावरूनच आवाज चढवला, "सुलाबाई, आयेच्या वरसाच्या भाकरीचा जोंधळा ह्याच पट्टीतनं येतोय. तो तुमी काढून दावा, मग ऱ्हावा. न्हाई निघाला तर पाडव्याला झोपडी मोडणार. हे पावनं ज्याच्या त्याच्या गावाला आन् तू तुझ्या माह्यारला."

सुलाबाईला माहेर उरलेलं नव्हतं आणि पाहुण्यांना गाव उरलेलं नव्हतं. ती म्हणाली, "काढतो की! तुमाला बी देऊ पायलीभर."

मग जे काही सुरू झालं त्याला शेती म्हणावं की तमाशा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बैल कुणी देईना. सोपाननं जुन्या सायकलीचं चाक काढलं, त्याला फाळ बसवला, नट आवळले आणि माणसानं ढकलायची, बी पेरायची पाभर तयार केली. बिराप्पा ढकलायचा, पुढं दोरी धरून सुलाबाई ओढायची आणि सोपान मागून ओरडायचा, "डावीकडं! तास वाकडा होतोय!" आक्काताई म्हणायची, "आरं जोंधळा पेरायचाय, रेल्वे न्हाई टाकायची."

चौघांना आलटून पालटून ताप यायचा. त्यावर सुलाबाईनं कायदा काढला. ज्याला ताप येईल तो त्या दिवसाचा मुकादम. त्यानं घोंगडं पांघरून बांधावर बसायचं आणि बाकीच्यांवर हुकूम सोडायचे. कामही नाही आणि वर मानही मोठा! एकदा बिराप्पा मुकादम झाला तर त्यानं सोपानला सबंध दुपार कानडीत शिव्या मोजायला लावल्या. आक्काताईचा खोकला महिनाभर हटला नाही, तेव्हा महिनाभर तिचंच राज्य होतं, आणि ते राज्य लय कडक होतं. पण त्या महिन्यात तिला रोज तिघांपैकी कुणीतरी ऊन पाणी करून दिलं, पाठ शेकून दिली. घरी असताना तिला असं कुणी विचारलं नव्हतं. एकदा ती हे बोलून गेली आणि लगेच ओरडली, "बघत काय बसलाय? खुरपा!"

थांबा, बियाण्याचं सांगायचं राहिलं. सगळी गंमत तर तिथंच आहे.

माणदेशात बियाण्याची कणसं जुडी बांधून आढ्याला टांगतात, चुलीच्या धुरात. म्हणजे किडा लागत नाही. अंबूबाईच्या घरात अशा दोन जुड्या होत्या, दोन्ही धुरानं काळ्याठिक्कर. पेरणीच्या दिवशी सुलाबाई बी न्यायला आली. ती आत आहे म्हणून म्हातारी उंबऱ्याच्या आत येईना. अंगणात लिंबाखाली उभी राहिली आणि तिथून बोट दाखवलं.

"ती घे गं, ती!"

"कंची, आत्ती? ही?"

"ती न्हाई का, ती! आढ्याची!"

दोन्हीही आढ्याच्याच. अंगणातल्या उन्हातून काळोख्या घरात म्हातारीला काय दिसणार आणि लिंबाखालचं बोट आत कुणाला कळणार? सुलाबाई मेंढरांत वाढलेली. मेंढी गाभण आहे का हे चालीवरून सांगेल, पण धुरकटलेलं कणीस कुठलं ते तिला काय ठाऊक. हाताला आली ती जुडी घेऊन ती निघाली. कणसं चोळल्यावर सोपाननं दाणा तळव्यावर घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सुलाताई, दाणा सुकलेला वाटतोय. सुरकुत्या पडल्यात."

"आपुन बी सुकलोय की! उगवायचं काय ऱ्हायलंय का?" असं म्हणून तिनं पदर खोचला. पेरून मोकळे झाले.

हस्ताचा पाऊस बरा झाला. जोंधळा असा वर आला की वाटेनं जाणारी माणसं उगाच थांबायला लागली. पौषात कणसं भरली. आक्काताईनं एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाली, "हे तर गोड हाय." बिराप्पानं मूठभर टाकले आणि डोळे मिटले. "अय्यो, सक्करी!" सुलाबाई म्हणाली, "जमीनच गोड हाय माझ्या आत्तीची." चौघं मूर्ख खुशीत होते.

त्याच सकाळी अंबूबाई दुधाचा टोप घेऊन बांधावर आली. टोप ठेवायला वाकली, वाकता वाकता एक कणीस डोळ्यांसमोर आलं आणि ती तशीच वाकलेली राहिली.

"आगं बया! सुले! ह्यो तर तुझ्या मामांजींचा हुरडा!"

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हुरड्याचा जोंधळा वेगळा. शेतकरी तो बांधाला चार तास, म्हणजे चार ओळी, पेरतो, पै-पाहुण्यांसाठी. कोवळा असताना गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर, म्हणजे आगटीवर, भाजून खाल्ला तर अमृत; पण आठ-दहा दिवसांत तो निबर होतो, वाळला की दाणा खपाटीला जातो आणि त्याची भाकरी तव्यावर जायच्या आधी हातातच फुटते. सुलाबाईच्या सासऱ्याला हुरड्याचं वेड होतं. अर्ध्या वाडीला बी त्यांच्या आढ्यावरून जायचं. म्हातारा गेला तशी ती जुडी कुणी खाली काढली नव्हती. ती सुलाबाईनं काढली आणि सगळी पट्टी पेरून ठेवली. बांधाला चार तास नव्हे, सबंध पट्टी हुरडा!

सोपान मटकन खाली बसला. "मंजी भाकरीचा जोंधळा न्हाई. पाडव्याला झोपडी मोडली."

बिराप्पानं ढोल खाली ठेवला.  लांब उभी राहून अंबूबाई कपाळ बडवत होती. आणि सुलाबाई? तिचे आधी खांदे हलले. मग पोट हललं. मग ती तासात बसली आणि अशी हसली, अशी हसली की ओढ्यापलीकडची मेंढरं बघायला लागली.

"हसतीस काय बाई?" सोपान चिडला. "मला गोठ्यात जायाचंय परत. म्हशीच्या शेजारी."

"आरं सोपानदादा," ती डोळे पुसत म्हणाली, "सगळ्या मुलखात ज्याच्या हातचं कुणी पानी पीत न्हाई, त्यानंच गावजेवणाचं पीक काढलंय! हसू नको तर काय करू?" मग ती पदर झटकत उठली.  "काढलंय तर घालू या की जेवण. सगळ्या वाडीला हुरड्याला बोलवू. ज्याच्या आगटीला बसून खाल्लं त्याची झोपडी मोडाय कुणी येतंय व्हय? वाडी हितं जेवली तर दादासो भावजी एकटं काय मोडतील?"

हे तिनं कुठून काढलं देव जाणे, पण बरोबर काढलं. बिराप्पा ढोल घेऊन वाडीतून फिरून आला. आगटी पेटली. आक्काताईनं लसूण-खोबऱ्याची चटणी कुटली, गुळाची ढेप फोडली, ताकाचं मडकं भरलं. पोती अंथरली. आणि कुणीही आलं नाही. कुत्रंही आलं नाही. मग चौघांनीच हुरडा खाल्ला, इतका की बिराप्पाला ढोल उचलवेना आणि सोपान म्हणाला, "कुठला रोग आन् कुठलं काय, मी आता हुरड्यानं मरतोय."

दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या पलीकडच्या काठावर माणसं दिसायला लागली. सहज आलेली. कुणी म्हैस शोधत होतं, कुणाला तिथंच दात घासायचे होते. हुरड्याचा वास तो! वारा त्याला बांधाबांधानं घेऊन गेला आणि वाडीची नाकं पाठीमागं आली. तिसऱ्या दिवशी अर्धी वाडी पलीकडं ओळीनं बसलेली. शेवटी भाऊसोनं धीर केला. भाऊसो म्हणजे वाडीतला चहाच्या टपरीवाला, पोट आधी येणार आणि माणूस नंतर.

"सुलाबाई," तो काठावरून म्हणाला, "पाच-पन्नास कणसं दे की बांधून. आमी घरी भाजतो. तुझ्या मालाला बी उठाव हुईल."

सोपान उठलाच होता विळा घेऊन. सुलाबाईनं त्याचा हात धरला.

"कनसं न्यायची न्हाईत. कनसं जनावर बी नेतंय. हुरडा म्हंजे पावनचार हाय, आगटीला बसायचं आन् मालकिणीच्या हातचा चोळून खायाचा. मामांजींची रीत हाय."

खरं होतं ते. हुरडा ताटात वाढत नाहीत. निखाऱ्यातून कणीस काढायचं, गरम असतानाच तळव्यावर चोळायचं, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि तसाच पाहुण्याच्या तळव्यावर ठेवायचा. हातातून हातात.  भाऊसोनं पोटावरून हात फिरवला आणि म्हैस शोधायला निघून गेला.

त्या दुपारी चौघांत भांडण पेटलं. सोपान म्हणाला, "आगं, दाणा निबर व्हायला लागलाय. दे कनसं! चार लोकं खातील, गोड बोलतील, दादासो विचार करंल."

"न्हाई देणार."

"हट्टापायी झोपडी घालवशील."

"ज्याला माझ्या रानाचं गोड लागतंय," सुलाबाई कडाडली, "त्याला माझा हातच तेवढा कडू का लागावा? आज कनसं लांबनं दिली, तर जल्मभर लांबनंच घेतील. तुला चालतंय का? मला न्हाई चालत!"

"हौद," बिराप्पा म्हणाला. त्याच्या भाषेत ते "व्हय". आक्काताईनं नुसता चटणीचा बत्ता आपटला. सोपाननं विळा खाली ठेवला, पण तोंड फुगवूनच.

पुढचे दोन दिवस तसेच गेले. इकडं आगटी, तिकडं वाडी, मधे ओढा. घोट्याएवढं पाणी, पण बांधापर्यंत दूध ठेवायला येणारी अंबूबाई सोडली तर समुद्र असल्यागत कुणी ओलांडीना. संक्रांत जवळ आली आणि कणसं हिरव्याची पिवळी पडायला लागली. आणखी दोन दिवसांत काहीच उरणार नव्हतं.

त्या दिवशी सकाळी सुलाबाईलाच ताप भरला. ती आगटीपाशी घोंगडं पांघरून मुकादम होऊन बसली होती, पण हुकूम सोडायलाही जोर नव्हता. बिराप्पा आपला बडवायचं म्हणून ढोल बडवत होता. पलीकडच्या काठावर वाडी रोजच्यासारखी बसली होती. आणि त्या ओळीतून काठी टेकत अंबूबाई पुढं आली. लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरलं आणि पाण्यात उतरली.

"आये! आये, कुठं चाललीस? माघारी फीर!" मागून दादासो ओरडत आला.

म्हातारीनं मागं बघितलं नाही. पाणी ओलांडलं, बांधावर न थांबता पट्टीत आली, आगटीजवळचं पोतं काठीनं सरळ केलं आणि त्यावर बसली. सुनेपासून हातभर अंतरावर. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"चोळ," ती म्हणाली.

ह्याचसाठी तर सुलाबाई हट्टाला पेटली होती. वाडीशी भांडली, सोपानशी भांडली. सिस्टरांनी सांगितलेलं तिला पाठ होतं, हातचं खाऊन काही होत नाही, आणि वाडीला तिनं ते ओरडून ओरडून ऐकवलंही होतं. आणि आता सासू समोर बसली तर तिचाच हात उचलेना! हिला काही झालं तर? ती पुरती घाबरली. कणीस आक्काताईपुढं सरकवून म्हणाली, "तू दे गं चोळून."

"मी हिला न्हाई म्हणलं," अंबूबाई म्हणाली. "मी तुला म्हणलं."

सुलाबाईनं कणीस चोळलं. फुंकर मारायची तर तीही मारली नाही, नुसतं झटकलं. मग हुरडा पळसाच्या पानावर ठेवला आणि पान लांबूनच काडीनं म्हातारीकडं सरकवलं.

अंबूबाईनं पानाकडं बघितलं. मग सुनेकडं बघितलं. आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"लांबनं सरकवतीस व्हय गं मला? आगं, लांबनं बोट दावलं म्हणून तर ह्ये सगळं झालं! त्या दिशी मी घरात आले आसते, जुडी तुझ्या हातात दिली आसती, तर चुकली आसतीस का तू? माझ्या भ्याण्यापायी आख्खी पट्टी चुकीची पेरली. दोन वरसं मी बांधावर टोप ठिवून पळत ऱ्हायले. तवा मी एकली लांब व्हते, आता दोघी लांब ऱ्हाऊ. मंजी मी मेल्यावर तोंडात पानी बी काडीनंच घालशील!"

आणि तिनं तोंड उघडलं. माळावर उघडायची तसं. आत एक दात नाही.

सुलाबाईनं पान उचललं, हुरडा तळव्यावर घेतला, नीट फुंकर मारली आणि तळवा म्हातारीच्या तोंडाला लावला. कोकरू हातातून पाला खातं तशी अंबूबाई ओठांनीच तो खाऊन गेली, तळव्याला चिकटलेला शेवटचा दाणासुद्धा. बिराप्पाचा ढोल केव्हाच थांबला होता. सुलाबाईच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. म्हातारी शांतपणे चावत राहिली, हिरड्यांनी. सगळी वाडी तिच्या तोंडाकडं बघत होती.

"चटणीला मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"मीठ कमी?" आक्काताई भडकली. "म्हातारे, चटणी तू आजून खाल्ली बी न्हाईस!"

आधी अंबूबाई हसली, मग सोपान फुटला, आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी खिदळलं. तेवढ्यात पाण्यात धप्पकन आवाज झाला. भाऊसो! चपला हातात, धोतर मांडीवर, पोट पुढं. "आंबूमावशी खाती तर मी काय पाप केलंय?" असं म्हणत तो आला आणि पोत्यावर बसून त्यानं दोन्ही हात पुढं केले. त्याच्या मागून बाया आल्या, बाप्ये आले, पोरं तर उड्याच मारत आली. पुढं काय झालं ते विचारू नका. झुंबड उडाली! सोपान विळा घेऊन धावत होता, आक्काताई चटणी वाढता वाढता प्रत्येकाला म्हणत होती, "मीठ बघ गं, नीट बघ." बिराप्पानं ढोल असा धरला की म्हातारे नाचले. काही माणसं पलीकडंच राहिली, नाही असं नाही. पण तीही उठून गेली नाहीत.

सगळ्यात शेवटी दादासो आला. उभाच राहिला.

"ह्ये समदं खरं," तो म्हणाला, "पर ठरलं व्हतं काय? आयेच्या वरसाच्या भाकरीचा जोंधळा. तो कुठाय? बोलल्याला जागाय पायजे."

भाऊसोनं पुढं केलेले हात मागं घेतले. कारण तो बोलला ते खोटं नव्हतं. सुलाबाईनं खाली बघितलं. सोपाननं विळा पुसायला घेतला, म्हशीशेजारी जायचं म्हणून.

अंबूबाईनं पुन्हा तोंड उघडलं, ह्या वेळी लेकाकडं करून, आणि आत बोट घालून दाखवलं. "बघ. नीट बघ. हाय का एक तरी दात? मला भाकरी कशाला लागती रं?"

अंबूबाई सकाळ-संध्याकाळ दुधात कुस्करून भाकरी खाते हे वाडीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. कुणी ब्र काढला नाही. भाऊसोनं तर जोरजोरानं मान हलवली, "न्हाई लागत, न्हाई लागत!"

"आये, आगं, हुरडा आठ दिसांचा. बाकीचं वरीस खाशील काय?"

"हिच्या थाळीत जे पडंल ते खाईन. पुढल्या साली जुडी मी माझ्या हातानं हिच्या हातात देनार हाय. पट्टी माझी, तोंड माझं. मोड झोपडी, मोडायची आसंल तर. मी बी हितंच ऱ्हाती, माझ्या अंगावर मोड." मग तिनं हात लांब करून सुनेच्या कपाळाला लावला आणि तिथंच ठेवला. "सुले, ताप हाय की गं तुला."

"ताप आला मंजी ती मुकादम," सोपान घाईनं म्हणाला. "मुकादम सांगंल ते सगळ्यांनी करायचं. कायदा हाय!"

"कायदा?" अंबूबाई दादासोकडं बघून म्हणाली. "तुला लय कायदा लागतोय न्हवं? मग बस. सुले, सांग ह्याला काम."

सुलाबाईनं नाक ओढलं, घोंगडं सावरलं. "भावजी," ती म्हणाली, "मुकादमानं सकाळपासनं हुरडा खाल्ल्याला न्हाई. चोळा जरा."

सगळी वाडी बघत होती. दादासो बसला. निखाऱ्यातून कणीस काढलं, चटका बसला, सोडलं, परत धरलं, चोळलं, फुंकर मारली. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पळसाचं पान कुठं दिसतंय का ते बघितलं. आईची काठी त्याच्या पायाला लागली. मग त्यानं तो गरम हुरडा सुलाबाईच्या तळव्यावर ठेवला, आपली बोटं तिच्या तळव्याला लागेपर्यंत.

सुलाबाईनं सगळा एकदम तोंडात टाकला. आणि मग तिला हसू आवरलं नाही. तोंड भरलेलं होतं, त्यामुळं निम्मा हुरडा दादासोच्या धुतल्या धोतरावर उडाला.